पॉलिसीवाले काका आणि मार्केटच्या कट्ट्यावरचं भांडण

काल काकांचं तेरावं झालं. दुपारी त्यांच्या घरी जेवणं उरकली, संध्याकाळी सवयीनं सगळे मार्केटच्या कोपऱ्यावर चहाच्या गाडीपाशी आले, आणि पहिली पंधरा मिनिटं कुणी तोंडच उघडलं नाही, नुसते कप फिरत होते. मग आमच्यातला सीए जे बोलला त्यावरून असं भांडण पेटलं की साडेदहा वाजले तरी कुणी उठेना. जसं झालं तसं लिहून ठेवतोय. नावं घालत नाही. काकांना स्वतःचं नाव कुठं छापलेलं खपायचं नाही, एकदा एका गाण्याच्या पत्रिकेत 'विशेष सहकार्य' म्हणून त्यांचं नाव आलं तर चार दिवस त्या पोरांशी धड बोलले नव्हते.

मिरजेबाहेरच्यांना म्हणून थोडं सांगतो. काका एलआयसीचे एजंट, पोस्टाच्या योजना पण करायचे, आणि साठीला आल्यावर परीक्षा देऊन म्युच्युअल फंडाचं काम घेतलं. आधी सायकल, मग लुना, शेवटी शेवटी पायी. खांद्याला खाकी पिशवी, तिच्या एका कप्प्यात फॉर्म, पावत्या आणि अंगठा घ्यायचं शाईचं पॅड, दुसऱ्या कप्प्यात सुती दोऱ्याचं रीळ. दोरा कशाला तर तंबोऱ्याच्या जवारीला. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून योग्य जागी बसवला की तार जी बोलायला लागते ना, ती जागा काकांना अंधारात सुद्धा सापडायची. गाव आमचं असं की सतारमेकर गल्लीतनं जाताना कुठल्यातरी माडीवर कुणीतरी तार पिळत असतंच, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्या दर्ग्यात, हिराबाई बडोदेकर इथं जन्मलेल्या, विष्णु दिगंबर इथं बाळकृष्णबुवांकडे शिकले, त्यामुळं गाण्याचा नाद असलेला माणूस मिरजेत विशेष नाही. पण काका स्वतः कधी गायले नाहीत. ते तंबोऱ्यावर बसायचे. बाहेरगावचा गवई आला आणि साथीला माणूस कमी पडला की काकांना निरोप जायचा. अंबाबाईच्या नवरात्रात असो नाहीतर उरसात, मागं डावीकडं बसलेले, तीन तीन तास एकाच मांडीवर.

तर सीए. हा आमच्याच वर्गातला, आता पुण्यात असतो, तेराव्याला मुद्दाम आलेला. म्हणाला, "एक बोलतो, राग मानू नका. काका माणूस म्हणून देव होते पण सल्लागार म्हणून मी त्यांना पास करणार नाही."

मेडिकलवाल्यानं कप खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"ऐकून तर घे. आमच्या बाबांना काकांनी १९९६ ला वीस वर्षांची एन्डोमेंट दिली, म्हणजे विमा आणि बचत एकत्रवाली पॉलिसी. सगळा बोनस धरून हिशेब काढला मी, वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास पडतात. त्याच १९९६ ला पीपीएफला, सरकारी बचत खात्याला, १२ टक्के व्याज होतं! बारा! वर टॅक्स नाही. मग पीपीएफ का नाही सांगितलं? कारण विम्याला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर तेव्हा २५ टक्के कमिशन मिळायचं, बोनस कमिशन धरलं तर ३५ पर्यंत जायचं. मी आरोप करत नाहीये, आकडा सांगतोय."

आता आकडा खरा आहे. १९८६ पासून २००० पर्यंत पीपीएफला १२ टक्के होतं हे मलाही माहीत होतं, त्यामुळं मी गप्प बसलो. पण मेडिकलवाला कशाला गप्प बसतोय.

"तुला पुण्यात बसून आकडे दिसतात मर्दा. माझ्या बापाचं सांगू का? बाबांनी दुकानाचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते, बँकेपेक्षा तीन टक्के जादा व्याज म्हणून. काका घरी येऊन दोनदा सांगून गेले, पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो, बँकेच्या ठेवीला निदान असतो, तो पण तेव्हा फक्त १ लाखापर्यंत होता, म्हणून एका ठिकाणी सगळं ठेवू नका. बाबा काय म्हणाले माहितीय? तुमचं कमिशन जातंय म्हणून पोटात दुखतंय होय. माझ्यासमोर म्हणाले. काका काही बोलले नाहीत, पाणी प्यायले, गेले. पुढच्या वर्षी पतसंस्थेला कुलूप. आणि त्याच आठवड्यात काका परत दारात, यादीत नाव कसं घालायचं, पावत्यांच्या झेरॉक्स कुठं द्यायच्या ते सांगायला. एका शब्दानं म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं."

(बँकेतल्या ठेवीचा विमा १ लाखाचा ५ लाख झाला तो ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेला तो आजही नाही. हे अजूनही लोकांना माहीत नसतं, म्हणून कंसात का होईना लिहितोय.)

सीए म्हणाला, "हे चांगलंच केलं त्यांनी, पण माझ्या प्रश्नाला हे उत्तर नाही." आणि ते बरोबर होतं. चांगुलपणाच्या गोष्टी सांगून सल्ल्याचा प्रश्न सुटत नाही, म्हणून मी त्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली, जी तोवर मी कुणालाच सांगितली नव्हती.

२००७ ला आमच्या घरी काकांनी युलिप दिली, म्हणजे विमा आणि शेअर बाजार एकाच पॉलिसीत. तेव्हा सगळीकडं तेच चाललं होतं, तीन वर्षं भरा आणि विसरा. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर आणि ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली. भरलेल्यातले निम्मे पण दिसेनात, त्यात पहिल्या वर्षाच्या हप्त्यातनं चार्जेस किती कापलेत ते स्टेटमेंटवर बघून माझं डोकं फिरलं. मी फोन करणार तेवढ्यात काकाच आले, लुना लावली, चप्पल काढली, आणि खुर्चीवर न बसता आईसमोर खाली बसले. म्हणाले, "वहिनी, मला हे नीट कळलं नव्हतं आणि मी ते तुम्हाला दिलं. चूक माझी आहे. आता मोडू नका, मोडलं तर आणखी कापतील, थांबा, मी सांगतो कधी काढायचं ते." अशी त्यांनी त्या महिन्यात ज्यांना ज्यांना युलिप दिली होती त्या सगळ्यांची घरं फिरून काढली, काही जणांनी दारातच नाही नाही ते ऐकवलं म्हणे. त्यानंतर त्यांनी ती विकली नाही. सरकारनं चार्जेसवर लगाम घातला तो नंतर, २०१० ला. आमचे पैसे पुढं सात वर्षांनी बरे निघाले, पण ते बाजारामुळं, त्याचं श्रेय मी काकांना देणार नाही. मला आठवतं ते त्यांचं खाली बसणं.

सीए जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं. असं मी आजवर कुठल्या सल्लागाराला करताना बघितलेलं नाही, स्वतःला धरून."

एवढ्यात ताई आल्या. ताई पोस्टाच्या आरडीच्या, म्हणजे दरमहाच्या ठेवीच्या, एजंट, महिला प्रधान बचत योजनेतल्या, काकांच्याच हाताखाली शिकलेल्या. कट्ट्यावर बसत नाहीत, उभ्यानंच अर्धा चहा घेतात आणि जातात, पण काल बसल्या. विषय कळल्यावर सीएला म्हणाल्या, "तू टर्म इन्शुरन्स म्हणशील. मी पण आता तेच सांगते लोकांना. पण ऐक, ज्या बाईच्या नवऱ्याला पगाराची स्लिप नाही, रिटर्न भरलेला नाही, तिला टर्म कोण देणार? आणि वर्षभर हप्ता भरून शेवटी काहीच परत येत नाही हे त्या नवऱ्याच्या गळी उतरवणार कोण? त्यानं तो दुसऱ्या वर्षी बंदच केला असता. काकांची एन्डोमेंट लोकांनी वीस वीस वर्षं भरली, कारण काका दर हप्त्याला दारात उभे. हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत असते, काका एकोणतिसाव्या दिवशी पण यायचे."

मग २०२१ चं सांगितलं. ते मी नुसतं ऐकलेलं होतं, ताई प्रत्यक्ष बरोबर होत्या. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रोज कुणी ना कुणी जात होतं. काका तेव्हा सत्तरीच्या पुढं, घरचे बाहेर सोडेनात, तर त्यांनी ताईंना निरोप दिला की ज्या घरातला माणूस गेलाय त्या घरातनं एकच वस्तू आण, पासबुक. काका दारातल्या ओट्यावर, ताई अंगणात, तोंडाला फडकं, आणि पासबुकाच्या पानावर काकांचं बोट वरनं खाली. मे महिन्याच्या शेवटी ३३० रुपये कापलेत का. कापले असतील तर ते जीवनज्योती विम्याचे, २ लाख मिळतात. बँकेत खातं काढताना कधीतरी सही घेतलेली असते, घरच्यांना पत्ता नसतो, आणि कोण विचारायला जाणार, दुःखात पासबुक कोण चाळतंय. आता तो हप्ता ४३६ झालाय.

"किती मिळाली अशी घरं?" सीएनं विचारलं.

"मी मोजली नाहीत," ताई म्हणाल्या. "पण एक सांगते. तंबोऱ्याला भोपळे कोरणारा एक जण होता, तिशीतला. त्याच्या बायकोच्या पासबुकात काही नव्हतं, त्याच्यात पण नव्हतं. मग काका म्हणाले दुसरं खातं असेल, रोजगार हमीचं, गॅसच्या सबसिडीचं, शोध. घरात पत्र्याच्या पेटीत सापडलं, ओल धरलेलं. त्यात होते ३३०. या सगळ्यात काकांना कमिशन किती? शून्य."

वाद्यवाला तोवर एक अक्षर बोलला नव्हता. त्याचं घर तीन पिढ्या सतारी आणि तंबोरे करतंय. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळे पेढे घेऊन त्याच्याकडे गेले, काका पण गेले, पण त्यांनी पेढा तोंडात घालायच्या आधी विचारलं होतं, "कामावरच्या पोरांच्या नावावर काही आहे का रे?"

तो सीएला म्हणाला, "तुला एमडब्ल्यूपी माहितीय?"

"विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. १८७४ चा."

"माझा बाप सातवी पास पण नव्हता आणि त्यांच्या पॉलिसीवर तो शिक्का होता. काकांनी फॉर्म भरतानाच घातलेला, नंतर घालता येत नाही म्हणे. बायको-पोरांच्या नावानं बांधलेली पॉलिसी. मध्ये एकदा लाकूड घ्यायला पैशाची नड होती, बाप त्या पॉलिसीवर कर्ज काढायला गेला, तर मिळेना. असला चिडला काकांवर, माझेच पैसे मला मिळेनात म्हणून, वर्षभर बोलणं बंद. काकांच्या घरचा तंबोरा आमच्याकडंच दुरुस्तीला होता, बापानं तो तसाच परत पाठवला. मग बाप गेला. देणेकरी आले, दोघं तर दहाव्यालाच आले. घर विकलं, दुकानातलं लाकूड विकलं, पण त्या पॉलिसीच्या पैशाला कुणाला हात लावता आला नाही. त्याच्यावर आईनं परत पहिलं लाकूड घेतलं. मी आज जे काही करतोय ते त्या लाकडावर सुरू झालंय. आता ह्याचे किती टक्के पडतात ते तू काढ."

सीएनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "ह्याचे निघत नाहीत."

मला वाटलं भांडण संपलं. पण मास्तर, जे पेटीवर बसतात आणि काकांचे सगळ्यात जुने दोस्त, ते सीएच्या बाजूनं उभे राहिले. म्हणाले, "पोराला गप्प करू नका. तो बोलतोय त्यात खोटं काही नाही. माणूस गेला की त्याला देव करून टाकायचं, म्हणजे मग त्याचं काम आपल्याला करायला नको. तो स्वतः म्हणायचा, मी पीपीएफ आधी सांगायला पाहिजे होतं खूप लोकांना. मला म्हणालाय." आणि मग थोडं थांबून, "पण तुम्ही त्याला दर्ग्यात बघितलाय का ते सांगा."

उरसातल्या संगीत सभेत चिंचेच्या झाडाखाली गवई बसतात ते सगळ्यांना माहीत आहे, खाँसाहेबांच्या समोर हजेरी लावायची म्हणून येतात. काकांचा एक नियम होता, दर्ग्याच्या दारातनं आत गेलं की पॉलिसीचा विषय बंद. मास्तरांनी सांगितलं, एकदा एक मोठा व्यापारी शेजारी येऊन टेकला, काकांच्या कानात म्हणाला, दहा लाखाची काढायचीय, या आठवड्यात, मार्च संपतोय. तेव्हाचे दहा लाख. काका म्हणाले, सकाळी घरी येतो, आत्ता गाणं सुरू आहे. तो उठून गेला आणि सकाळी काका पोचायच्या आत दुसऱ्या एजंटानं फॉर्म भरून घेतला होता, शिवाय पहिल्या हप्त्यातलं कमिशन परत देतो म्हणून. ते कमिशन परत देणं विमा कायद्याच्या ४१ कलमात बसत नाही, काकांनी ते जन्मात केलं नाही, आणि त्यापायी किती गिऱ्हाइकं गेली त्याची गणती नाही. मास्तरांनी त्यांना विचारलं होतं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, "वाटलं की. पण मी उठलो असतो तर तंबोरा थांबला असता."

२०१९ च्या पुराचं पण निघालं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं ते वर्ष. काकांनी एका शाळेत, जिथं पूरग्रस्त आणले होते, दोऱ्या बांधून त्यावर लोकांचे भिजलेले पॉलिसीचे बाँड वाळत घातले होते, प्रत्येक दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा. जे चिकटून लगदा झालेत त्यांचे निदान नंबर वाचून वहीत उतरवायचे, म्हणजे डुप्लिकेट काढता येते. मी दोऱ्या बांधायला होतो. संध्याकाळी वीज नव्हती, लहान पोरं रडत होती, आणि काकांनी मोबाईलवर, चार्जिंग जेमतेम असताना, खाँसाहेबांची एक रेकॉर्ड लावली. सगळी गप्प झाली असं मी म्हणणार नाही, पोरं रडतच होती. पण एक म्हातारी उठून आली आणि त्या दोरीखाली येऊन बसली.

त्यांची डायरी मुलानं काल मास्तरांना दिलीय. एजंटांना दर वर्षी मिळते तीच रेक्झिनची. मास्तरांनी कट्ट्यावर उघडली, लाईटखाली आम्ही सगळे वाकलो. एकाच पानावर, एकाच निळ्या शाईत: "नॉमिनी बदल, बायको वारली, मुलगी घालणे." खाली, बंद पडलेली कुणाची पॉलिसी परत सुरू करायची त्याबद्दल, "रिव्हायव्हल, पाच वर्षं व्हायला दोन महिने आहेत, घाई करणे." त्याच्या खाली, "संध्या. मारवा. वेळेवर सुरू केला. निषाद फार सुंदर." पुढच्या पानावर परत हप्ते.

नंतर काय करायचं यावर परत जुंपली. मेडिकलवाल्याला मोठी मैफल पाहिजे, पुण्या-मुंबईचा कलाकार, फ्लेक्स, त्यांचा फोटो. वाद्यवाला म्हणाला फ्लेक्स लावलास तर मी येणार नाही. मास्तर म्हणाले, गाणं होऊ दे पण उरसातच, नाव न घेता, आपण फक्त भडंग आणि चहाचं बघू, जसं तो स्वतःच्या खिशातनं बघायचा. ताई म्हणाल्या, ते गाण्याचं झालं, पासबुकांचं कोण बघणार? त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. सीए म्हणाला ऑनलाईन करता येईल, ॲप आहेत, आणि स्वतःच बोलता बोलता थांबला. मला विचाराल तर मैफल होईल न होईल, पण ताईंनी जे विचारलं तेच मला रात्रभर डाचत राहिलं, कारण गाव मोठं झालं, एजंट शंभरपट झाले, आणि ओट्यावर बसून पासबुकाच्या पानावर बोट फिरवणारा एक माणूस होता तो गेला.

इतका वेळ चहावाला भांडी विसळत ऐकत होता. काकांचा चहा तो गेली वीस वर्षं बिनसाखरेचा करायचा. गाडीखालच्या डब्यातनं त्यानं एक पासबुक काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, पुसून सीएच्या पुढं धरलं. म्हणाला, "काका दर जूनला बघायचे. यंदा त्यांना बरं नव्हतं, मी दाखवलं नाही."

सीएनं मोबाईलचा टॉर्च लावला. पान उलटलं, परत मागं आला. त्याचं बोट मे महिन्यावर थांबलं.

"४३६ कापलेले नाहीत. मे अखेरीला खात्यात किती होते?"

"पोराची फी भरली होती ओ. दोनशे-अडीचशे असतील."

"म्हणजे जूनपासून विमा बंद आहे. वय किती तुमचं?"

"सत्तेचाळीस."

"मग परत घेता येतो, पन्नाशीच्या आत आहात तोवर. पहिले तीस दिवस अपघात सोडून क्लेम बसत नाही, तेवढं लक्षात ठेवा. उद्या बँक किती वाजता उघडते?"

"दहाला. पण तुम्ही तर सकाळच्या गाडीनं पुण्याला जाणार होता."

"दुपारच्या गाडीनं जाईन," सीए म्हणाला, आणि ताईंकडं पेन मागितलं.